कारण, निमित्त, सबब आणि युद्धबंदी

पहिल्या महायुद्धावरच्या एका लेखाचं मुद्रितशोधन करतेय. पहिलंच वाक्य : ‘आर्चड्यूक फर्डिनंडच्या हत्येमुळे युद्ध पेटलं.’ मी ‘हत्येमुळे’वर काट मारून ‘हत्येच्या निमित्ताने’ केलं. लेखकानं ते परत ‘हत्येमुळे’ केलं आणि समासात शेरा मारला, ‘निमित्त समारंभाला असतं, युद्धाला कारण असतं.’

आता मलाच शंका येऊ लागलीय. फर्डिनंड हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचा वारस. साराजेव्होत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या २८ जून १९१४ ला. ऑस्ट्रिया-हंगेरीनं सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं २८ जुलैला. मधे अख्खा महिना गेला. ‘मुळे’ला एवढा वेळ लागतो का?

प्रतिसाद

तुमची दुरुस्ती योग्य आहे, पण ‘निमित्त’ हा शब्द तुम्ही आणि लेखक दोघंही जरा हलका समजताय. न्यायदर्शनातलं घड्याचं उदाहरण घ्या. माती हे समवायी कारण, म्हणजे ज्यातून वस्तू घडते ते (वेदान्ती उपादान म्हणतात), कुंभार हे निमित्तकारण, म्हणजे घडवणारा. म्हणजे निमित्त हेही कारणच, आणि कुंभाराशिवाय काही घडा होत नाही. पुढे गीतेच्या अकराव्या अध्यायातलं ‘निमित्तमात्रं भव सव्यसाचिन्’ घरोघरी पोचलं. त्यातला ‘मात्र’ निमित्ताला कायमचा चिकटला आणि शब्दाचं वजन उतरलं, असं मला वाटतं.

१९१४ ची माती कुठली? दोन गटांत वाटल्या गेलेल्या सत्ता, बाल्कनमधली ओढाताण, रेल्वेच्या वेळापत्रकाला बांधलेली सैन्याची जमवाजमव. याच राजघराण्यातल्या सम्राज्ञी एलिझाबेथचा १८९८ मध्ये जिनिव्हात एका इटालियन अराजकवाद्यानं खून केला होता. ऑस्ट्रियानं इटलीवर युद्ध पुकारलं नाही. दोघं एकाच गटात होते. कुंभार आला होता, माती नव्हती.

प्रतिसाद

मग सरळ ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ म्हणा की!

प्रतिसाद

नाही हो. त्या म्हणीत कावळ्याचा आणि फांदीचा काहीच संबंध नसतो, नुसता योगायोग असतो. साराजेव्होचा कावळा चांगला जड होता.

प्रतिसाद

या चर्चेत ‘सबब’ कशी कुणाला आठवली नाही? हा शब्द अरबी, मूळ अर्थ चक्क ‘कारण’. मराठीत येऊन त्याची वाट दोन दिशांना गेली. सरकारी पत्रात ‘सबब, अर्ज नामंजूर’ म्हणजे ‘म्हणून’, आणि बोलण्यात ‘सबबी सांगू नकोस’ म्हणजे खोटी कारणं. खरं कारण सांगणारा शब्द बहाण्यापर्यंत घसरत गेला.

ग्रीकमध्ये थ्युसिडिडीज या इतिहासकारानं याच्या उलट खेळ केलाय. इ. स. पू. ४३१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टाचं युद्ध सुरू झालं, तेव्हा उघडपणे बोलल्या गेलेल्या तक्रारी वेगळ्या होत्या : कोर्सायरा, पोटिडिया या नगरांवरून झालेली भांडणं वगैरे. त्या तपशिलात सांगण्याआधीच तो म्हणतो की सगळ्यांत खरं कारण फारसं उच्चारलंच गेलं नाही. अथेन्सची वाढती ताकद आणि तिची स्पार्टाला बसलेली धास्ती, हे ते कारण. आणि या ‘खऱ्या कारणा’साठी त्यानं शब्द कुठला वापरावा? ‘प्रोफासिस’. म्हणजे एरवी ज्याचा अर्थ बहुधा ‘सबब’ असाच होतो, तो! मला तर वाटतं त्यानं हे मुद्दाम केलंय, पण अभ्यासक यावर अजून भांडतात.

सबबीचा अस्सल नमुना पाहायचा तर ब्रिटन-स्पेनचं १७३९ चं युद्ध. स्पॅनिश तटरक्षकांनी जेन्किन्स नावाच्या कप्तानाचा कान कापला, तो १७३१ मध्ये. भांडण होतं अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतींशी व्यापार करण्याचं. कान बिचारा आठ वर्षं थांबला, आणि शेवटी युद्धाला नाव मात्र त्याचं मिळालं.

प्रतिसाद

सबबसुद्धा नसेल तेव्हा ‘बनाव’. ३१ ऑगस्ट १९३९ ला ग्लायवित्सच्या रेडिओ केंद्रावर पोलिश हल्ला झाल्याचं नाटक जर्मनांनी स्वतःच रचलं आणि दुसऱ्या दिवशी पोलंडवर चाल केली. याला ‘कुरापत’ म्हणू नये. कुरापत काढणारा निदान समोरच्याला डिवचतो तरी.

प्रतिसाद

कारणांवर इतकं झालं, आता ‘परिणाम’. सांख्यांचा परिणाम म्हणजे रूपांतर : दुधाचं दही होतं, कारणच कार्याच्या रूपात उतरतं. ‘युद्धाचे परिणाम’ म्हणताना आपण मृतांचे आणि पैशांचे आकडे मांडतो, पण हा जुना अर्थ जास्त नेमका आहे. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला झाला, साराजेव्होला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी. त्यातल्या २३१ व्या कलमात ‘जबाबदारी’ हा शब्द आहे, ‘अपराध’ नाही. जर्मनीत मात्र ते ‘युद्धापराधाचं कलम’ म्हणून गाजलं. जर्मनमध्ये अपराधाला आणि कर्जाला एकच शब्द आहे : ‘शुल्ड’. १९२१ मध्ये युद्धाच्या भरपाईचा १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा आकडा ठरला, तेव्हा तो दोन्ही अर्थांनी ऐकू गेला असणार. ही भरपाई भागवायला काढलेल्या रोख्यांच्या व्याजाचा शेवटचा हप्ता जर्मनीनं ३ ऑक्टोबर २०१० ला फेडला. पण तो निराश, चिडलेला जर्मनी पुढच्या युद्धाची माती झाला, त्याचा हिशेब या हप्त्यांत नाही.

प्रतिसाद

लेखात शेवटी ‘युद्धबंदी’ असेल तर तिकडेही बघा. बंदी म्हणजे मनाई आणि बंदी म्हणजे कैदी, त्यामुळे या शब्दातून लढाई थांबल्याचं कळतं की सैनिक पकडल्याचं, हे संदर्भावर सोडावं लागतं. कोरियात १९५१ साली वाटाघाटी सुरू झाल्या त्या मुख्यतः कैद्यांच्या परतीवरून दोन वर्षं रखडल्या. म्हणजे युद्धबंदीची बोलणी युद्धबंद्यांवर अडली! मी कैद्यांना ‘युद्धकैदी’ आणि २७ जुलै १९५३ च्या कराराला ‘शस्त्रसंधी’ लिहितो. त्याला ‘तह’ मात्र लिहू नका. तह आजतागायत झालेला नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. तो मधला महिना मला आता कळला : व्हिएन्नातल्या सरकारनं सर्बियाला निर्वाणीचा खलिता २३ जुलैला, म्हणजे जवळजवळ चार आठवड्यांनी धाडला, ४८ तासांची मुदत देऊन. ‘मुळे’ही नाही आणि ‘निमित्ताने’ही नाही. वाक्य असं केलंय : ‘हत्येची सबब पुढे करून ऑस्ट्रिया-हंगेरीनं सर्बियावर युद्ध लादलं.’ लेखकानं अजून तरी काट मारलेली नाही. पण सातव्या पानावर ‘११ नोव्हेंबर १९१८ ला तह झाला’ सापडलंय, आणि समासात जागा फार उरलेली नाही.