मदत हवी आहे: ४० किलोडाल्टनची पट्टी ग्लायको-गॅगची की विषाणूकणांची?

मोलोनी म्युराइन ल्युकेमिया विषाणूत (उंदरांचा रेट्रोव्हायरस) गॅगची, म्हणजे कणाचा सांगाडा बनवणाऱ्या प्रथिनाची, दोन रूपे बनतात. नेहमीचे एयूजी या सुरुवातीच्या कोडॉनपासून सुरू होते. दुसरे, म्हणजे ग्लायको-गॅग, त्याआधीच्या सीयूजी कोडॉनपासून, ८८ अमिनो आम्लांच्या जादा तुकड्यासह. ते ईआरमध्ये (पेशीतील एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम) शिरते, त्यावर शर्करा चढते, मग त्याचे तुकडे होऊन सी-टोकाकडचा (प्रथिनाच्या शेवटाकडचा) साधारण ४० किलोडाल्टनचा भाग पेशीबाहेर सुटतो.

अडचण मोजमापाची आहे. विषाणूकणांतल्या गॅगचा कॅप्सिड-न्यूक्लिओकॅप्सिड हा अर्धवट कापलेला टप्पाही वेस्टर्न ब्लॉटच्या जेलवर ४० च्याच आसपास धावतो, आणि पी३० (कॅप्सिड) विरोधी अँटिबॉडी दोन्ही ओळखते!

मांडणी अशी: संसर्गित ३टी३ पेशी (उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी), १० सेंमी डिश, ८ मिली सीरमविरहित माध्यम, १६ तास. (१०% सीरम ठेवले की अल्ब्युमिनने ६६ जवळची लेन फुगते.) ०.४५ मायक्रॉन गाळणी, २०% साखरेच्या थरावरून १,००,००० g ला २ तास फिरवले, म्हणजे कण तळाशी बसावेत. तरीही वरच्या द्रवात पट्टी उरते. फुटलेले कणही वरच राहतात, त्यामुळे एवढ्यावर विश्वास नाही.

पीएनजीएज एफने (शर्करा काढून टाकणारे विकर) पट्टी खाली सरकली तर ग्लायको-गॅग, हे मान्य. पण पट्टी मुळातच पसरट असल्याने फरक दिसत नाही. किती टक्के जेल वापरता? ईआरमधून प्रथिने बाहेर जाणे रोखायला ब्रेफेल्डिन ए ५ मायक्रोग्रॅम/मिली, ४ तास, पुरेसे ठरते का? आणि ग्लायको-गॅग बनूच नये म्हणून सीयूजीनंतर स्टॉप कोडॉन टाकायचा तर पॅकेजिंग संकेताला (आरएनए कणात भरण्यासाठी लागणारा क्रम) धक्का न लावता नेमका कुठे?