सोबाच्या दुकानात जेवण झाल्यावर गरम पाणी आणून देतात त्याचं नक्की काय करायचं असतं?

पौडफाटा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा बावळट आहे, हसा पण उत्तर द्या.

ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या कामाने तीन आठवडे टोकियोला होतो. हॉटेल एकदम वस्तीत, म्हणजे आजूबाजूला लाँड्री, दाताचा दवाखाना, भाजीवाला असला सगळा मामला, टुरिस्ट एकही नाही. कोपऱ्यावर एक सोबाचं, म्हणजे जपानी शेवयांचं, दुकान होतं, दाराला निळा कापडी पडदा, बाहेर काचेच्या कपाटात प्लास्टिकच्या खोट्या डिशेस मांडलेल्या, त्यातल्या अर्ध्यांचा रंग उडालेला. आत पाच टेबलं, आजोबा भटारखान्यात आणि आजी बाहेर, बस. एका शनिवारी साडेबाराला गेलो. मेन्यू भिंतीवर लाकडी पट्ट्यांवर लिहिलेला, सगळा जपानीत, मग मी आजींना दाराबाहेर नेऊन काचेतल्या एका डिशकडे बोट दाखवलं, त्या "हाई" म्हणाल्या, विषय संपला.

आलं काय तर बांबूच्या चटईवर थंडगार शेवया, करड्या रंगाच्या, वर कात्रीने कापल्यासारखे नोरीचे (सुकवलेल्या समुद्री शेवाळाचे) काळे तुकडे, कपात काळं पाणी आणि छोट्या बशीत चिरलेली पात आणि वसाबीचा गोळा (तो चटणी समजून खायची चूक आधीच एकदा करून झालेली). पहिले दोन घास वाटलं फसलो, चवच नाही. मग शेजारचे काका बघितले, ते शेवयांचं फक्त टोक कपात बुडवून फुर्रर्र करून ओढत होते, तसं केलं आणि एकदम भाजलेल्या धान्यासारखा वास नाकात गेला. तिथून पुढे ताट कधी संपलं कळलं नाही.

आणि मग माती खाल्ली. आजींनी तोटी असलेलं लाल-काळं चौकोनी भांडं आणून ठेवलं, आत गरम, गढूळ पांढरट पाणी. आता थाळी संपल्यावर समोर गरम पाणी आलं की आपल्याला एकच अर्थ माहीत. चहाचा रिकामा कप होता त्यात ओतलं, बोटं बुडवली, आणि लिंबाची फोड कुठाय बघत होतो. काकांचं फुर्रर्र थांबलं. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त एक ओला नॅपकिन आणून दिला.

तर, १) ते पाणी काय होतं? २) फेब्रुवारीत परत त्याच हॉटेलात जातोय, यावेळी आई-बाबा बरोबर आहेत. बाबा सगळं खातात, आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. तिला तिथे काय देता येईल? ३) मी त्या दुकानात परत तोंड दाखवू शकतो का?

सदाशिव३०

३) नाही.
बाकी दोन जाणकार सांगतील.

गवतीचहा

पौडफाटा, सकाळी सकाळी चहा सांडला माझा 😄

ते सोबायु. सोबा ज्या पाण्यात उकडतात तेच पाणी. पुरणासाठी डाळ शिजवल्यावर वरचं पाणी आपण मोरीत ओततो का? कट काढतो आणि त्याची आमटी करतो, तस्संच. तुमच्या कपात शेवटी जे काळं पाणी उरलं होतं ना, त्सुयु म्हणतात त्याला, त्यात हे सोबायु हवं तेवढं ओतायचं, उरलेली पात पण त्यातच टाकायची आणि गरम गरम प्यायचं. त्सुयु नुसतं प्यायला फार खारट असतं म्हणून पातळ करायचं, प्रमाण ज्याचं त्याचं. सोबाचं सत्त्व पाण्यात उतरतं म्हणून ते टाकत नाहीत. जुन्या काळी, तोक्योचं नाव एदो होतं तेव्हा, शहरातले लोक पांढराशुभ्र पॉलिश केलेला तांदूळ खायचे आणि त्यांच्यात बेरीबेरी इतकी की तिचं नावच एदोचं दुखणं पडलं होतं. बेरीबेरी बी-१ जीवनसत्त्व कमी पडून होते आणि सोबात ते असतं, त्यामुळे सोबा खाणाऱ्याला हे दुखणं कमी असं सांगतात. म्हणजे तुम्ही कटात बोटं बुडवलीत, आणि तेही आजींच्या समोर.

तुम्ही खाल्लंत ते झारु सोबा. वर नोरी नसती तर मोरी सोबा, बहुतेक ठिकाणी फरक तेवढाच आणि बिलात थोडे येन जास्त. गरम रश्श्यातला तो काके. कित्सुने म्हणजे कोल्हा पण घाबरू नका, वर गोडसर तळलेला तोफू असतो, कोल्ह्याला तो आवडतो अशी समजूत. तानुकी म्हणजे तळणीतला चुरा घातलेला. ओसाकाला गेलात तर तिथे तानुकी मागितल्यावर तळलेल्या तोफूचा सोबा येतो, यावरून मी एकदा वेटरशी हुज्जत घातलीये आणि चूक माझी होती.

आता आईंचं. स्पष्ट सांगते, अवघड आहे. शेवया शाकाहारी, पीठ आणि पाणी. गोची आहे त्या काळ्या पाण्याची. सोया सॉस, मिरिन (तांदळाची गोड दारू), साखर उकळून मुरवून ठेवतात, त्यात दाशी घालतात आणि दाशी म्हणजे कात्सुओबुशी उकळून काढलेलं पाणी. कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत सुकवलेला आणि मग रंध्याने काढल्यासारखा किसलेला. गरम काकेचा रस्साही त्याचाच. "व्हेज आहे का" विचारलंत तर आजी मनापासून हो म्हणतील कारण मांसाचा तुकडा नाही त्यात. दाशी त्यांच्या हिशोबात येतच नाही, आपल्याकडे कोणी हिंग मोजतं का. तेम्पुराच्या, म्हणजे त्यांच्या भज्यांच्या, पिठात बहुतेक वेळा अंडं असतं आणि तेल कोळंबी तळलेलंच. थंड तोफू मागवला तरी वर कात्सुओबुशी भुरभुरतात, "कात्सुओबुशी नुकिदे" म्हणजे ते न घालता, एवढं पाठ करून ठेवा.

मी माझ्या सासूबाईंना नेलं होतं तेव्हा साधा मोरी सोबा मागवला आणि त्सुयुच्या जागी चिमूटभर मीठ मागितलं. हे विचित्र दिसत नाही, सोबाची चव कळावी म्हणून मिठाबरोबर खाणारे शौकीन तिकडेही आहेत. आणि मेन्यूत सोबागाकी असेल तर जरूर घ्या. सोबाचं पीठ गरम पाण्यात घोटून केलेला गोळा, आपली उकडच म्हणा. सासूबाई म्हणाल्या जिरं-मिरची हवी होती, पण संपवला.

तिसऱ्या प्रश्नाला, जा की बिनधास्त. त्यांनी तो किस्सा एव्हाना अर्ध्या गल्लीला सांगितला असणार, तुम्ही गेलात तर त्या खूशच होतील. यावेळी निघताना "गोचिसोसामा देशिता" म्हणा, म्हणजे जेवणाबद्दल आभार. आणि दोनच्या आत जा, अशी दुकानं साधारण साडेअकरा ते दोन आणि मग थेट पाचला.

सदाशिव३०

दुपारी बंद ठेवतात? मग तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदलतो, आपलीच माणसं आहेत, जा.

मुक्काम_बाणेर

चार वर्षं होतो तिकडे, दोन गोष्टी राहिल्यात त्या टाकतो.

पहिली महत्त्वाची. सोबाची ॲलर्जी असू शकते आणि ती साधी खाज-बिज नाही, श्वास अडकण्यापर्यंत जाते. तिकडे पाकीटबंद मालावर ज्या गोष्टी लिहिणं सक्तीचं आहे त्यात शेंगदाणा, अंडं, दूध, गहू यांच्याबरोबर सोबा पण आहे. सोबा म्हणजे आपला कुट्टू, उत्तरेकडे उपासाला खातात तो, आपल्याकडे राजगिरा-शिंगाड्यावर भागतं त्यामुळे आई-बाबांनी आयुष्यात कदाचित खाल्लाच नसेल. कुठलीही ॲलर्जी आधीपासून असेल तर डॉक्टरांना विचारून जा. नसेल तरी पहिल्यांदा थोडाच खाऊ द्या. (इंग्रजीत बकव्हीट म्हणतात, पण नावात गहू-बिहू काही असलं तरी हे गवतवर्गीय धान्य नाहीच, आंबट चुक्याच्या कुळातलं झाड आहे. हे मला तिकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं, चुका म्हणजे काय हे मीच त्याला हातवारे करून सांगितल्यावर.)

दुसरी गोष्ट, दारावर निहाची लिहिलंय का जुवारी ते बघा. निहाची म्हणजे दोन भाग गव्हाचं पीठ, आठ भाग सोबा. जुवारी म्हणजे दहाच्या दहा भाग सोबा. ज्वारीशी काही संबंध नाही पण गंमत म्हणजे वागतं ज्वारीसारखंच, चिकटपणा नाही, तुकडे पडतात. लोक जुवारी जुवारी करतात, मला विचाराल तर ओव्हररेटेड, निहाचीच घशाखाली नीट उतरते.

आणि स्टेशनवर उभ्याउभ्या खायचा सोबा पण असतो, मशिनमध्ये पैसे टाकून तिकीट घ्यायचं, दोन मिनिटात वाडगा समोर, पाच मिनिटात बाहेर. मी लंचला बऱ्याचदा तेच खायचो, ४००-५०० येनात भागायचं. पण आई-बाबांना तिकडे नेऊ नका, बसायला नाही.

गवतीचहा

@मुक्काम_बाणेर ओव्हररेटेड??? तुम्ही शिन-सोबाच्या दिवसांत खाल्ली नाहीत जुवारी. शरदात नवीन पीक आलं की दुकानांवर कागद लागतात, तेव्हा खा आणि मग बोला.

मुक्काम_बाणेर

खाल्ली. चमच्याने खावी लागली.

कुरडई

मी जपानला गेलेली नाही पण गेल्या नवरात्रात घरी प्रयोग केलाय म्हणून लिहिते. कुट्टूचं पीठ आणलं, थंड पाण्यात मळलं, म्हटलं शेवच तर आहे, सोऱ्यात घातलं बारीक जाळी लावून. पाण्यात पडल्या पडल्या विरघळून खीर. दुसऱ्यांदा भाकरीला घेतो तसं आधणाचं पाणी घेतलं, थोडं बरं झालं, गोळा तरी झाला. तिसऱ्यांदा चक्क अर्धी कणीक घातली, पोळी लाटली, घडी घालून सुरीने कापली, तेव्हा कुठे तुकडे न होता शिजलं. जाडी मात्र अशी की नवरा म्हणाला चकोल्या छान झाल्यात. मग काय, आमटीत सोडल्या आणि चकोल्या म्हणूनच खाल्ल्या. माझं चुकलं कुठे?

गवतीचहा

@कुरडई सोऱ्यात चुकलं, बाकी तुम्ही स्वतःच बरोबर शोधत गेलात! सोबा दाबून काढत नाहीत, कापतातच. आणि आधणाची युक्ती तिकडेही आहे, जुवारीला काही जण गरम पाण्यानेच मळतात, कारण तेच, भाकरीचं. कापायची मोठी आयताकृती सुरी असते आणि एदोच्या पद्धतीत साधारण ३ सेंटीमीटरमध्ये २३ काप. त्यामुळे चकोल्यांचं वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्यातच म्हणतात की परातीला तीन वर्षं, लाटायला तीन महिने, सुरीला तीन दिवस. म्हणजे कापणं सगळ्यात सोपं, पिठाला पाणी लावणं सगळ्यात अवघड. एकदम ओतायचं नाही, शिंपडत शिंपडत बोटांनी फिरवायचं, आधी रव्यासारखं होतं, मग वाटाण्याएवढे गोळे, मग एकत्र येतं. कणीक २० टक्क्यांपर्यंत कमी करायची असेल तर सगळा खेळ इथेच आहे. शिजायला ताज्या सोबाला एखादं मिनिट पुरतं, मग लगेच गार पाण्यात चोळून धुवायच्या.

आणि घरी करताय तर त्सुयु शाकाहारी करता येतं, हे पौडफाटांच्या आईंसाठीही. कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळाची जाड पट्टी आणि सुके शिताके मशरूम रात्रभर पाण्यात भिजवायचे, त्या पाण्यात सोया सॉस, साखर, एक उकळी. कात्सुओबुशीची धुरकट चव येत नाही पण अगदीच काही वाईट लागत नाही.

सदाशिव३०

एवढा खटाटोप करून थंड शेवया आणि खारं पाणी. आमच्याकडे शेवयांची खीर करतात, बदाम घालून. असो.

मुक्काम_बाणेर

@सदाशिव३० ३१ डिसेंबरला रात्री तिकडे घरोघरी सोबा खातात, लांब शेवयांसारखं आयुष्य लांब व्हावं म्हणून. आणि नव्या घरी राहायला गेलं की शेजाऱ्यांना सोबा द्यायची जुनी पद्धत, कारण सोबा शब्दाचा दुसरा अर्थ जवळ, बाजूला. मी फ्लॅट बदलला तेव्हा सोबाची चार पाकिटं घेऊन दारं वाजवली, तर तीन घरांनी दारच उघडलं नाही, चौथ्या घरी नेपाळी मुलगा निघाला, त्याने मला राजमा-भात खाऊ घातला.

सदाशिव३०

दार उघडलं नाही? म्हटलं ना, आपलीच माणसं.

पौडफाटा

सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला अख्खा धागा वाचून दाखवला. कटाच्या पॅराला थांबवलं आणि म्हणाली, "म्हणजे तू कटात हात धुतलेस?" मग बाबांना हाक मारून त्यांना परत पहिल्यापासून वाचायला लावलं. ॲलर्जी काही नाही दोघांना पण डॉक्टरांना विचारणार आहे, शिवाय आई म्हणतेय की तिकडे पहिल्यांदा खाण्यापेक्षा इथेच आधी खाऊन बघू, म्हणजे काही झालं तर आपला दवाखाना तरी जवळ. तिला सोबागाकी जमेल असं वाटतंय, उकड ती रोज करते. कोथरूडमध्ये कुट्टूचं पीठ कुठे मिळेल? आमच्या वाण्याने "कुठलं पीठ?" तीनदा विचारलं आणि शेवटी शिंगाड्याचं दिलं.

कुरडई

आत्ता सुपरमार्केटमध्ये बघाल तर उपासाच्या रॅकवर राजगिऱ्याच्या शेजारी असतं, उत्तरेकडच्या लोकांचं जिथे जास्त जाणं-येणं आहे अशा दुकानात जा. तारीख बघूनच घ्या, नवरात्र झाल्यावर उरलेली पाकिटं महिनोन्‌महिने पडून असतात आणि हे पीठ लवकर खवट होतं. मी एकदा अख्खा कुट्टू आणून गिरणीत नेला होता तर गिरणीवाल्याने परत पाठवलं, म्हणे पुढच्या गिऱ्हाईकाच्या गव्हात काळं येईल. मग मिक्सरवर काढलं आणि मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळलं. उकडीला तेवढं पुरेल, शेवयांच्या फंदात पडू नका म्हणावं आईंना.