बाजूच्या खुर्चीत बसण्यात करिअर आहे काय?

रंकाळाकर
चार वर्षं निवेदन करतोय. लग्नाचे संगीत, गणेश मंडळांचे कार्यक्रम, कधीतरी एखाद्या दुकानाचं उद्घाटन. आता एक मित्र यूट्यूबवर रात्री साडेदहाचा गप्पांचा कार्यक्रम काढतोय. तो टेबलामागं, मी बाजूच्या खुर्चीत. त्याचं नाव पुकारायचं, हसायचं, मधे एखादं वाक्य टाकायचं. बाबा म्हणतात, "म्हंजे त्याचा चमचाच की." अमेरिकेत टीव्हीवर रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम करणाऱ्या जॉनी कार्सनशेजारी बसायचा त्या एड मॅकमॅनच्या क्लिपा बघितल्या. मला तर तो नुसता हसतानाच दिसला. पोट भरतं काय ह्यात?

कटवाला
पाहुण्यांना चहा कोण देणार, ते आधी ठरवून घे भावा.

हलगीमागचा
मी आठ वर्षं शाहिरामागं झीलकरी, म्हंजे मागं उभा राहून सूर धरणारा, होतो, म्हणून बोलतो.

मॅकमॅन त्या खुर्चीत 1 ऑक्टोबर 1962 ते 22 मे 1992 होता. कार्सनबरोबर त्याच्याही आधीपासनं, 1958 पासनं. आणि त्याआधी अटलांटिक सिटीच्या समुद्रकाठी भाजी चिरायची यंत्रं विकायचा, बिंगोचे आकडे पुकारायचा. जोतिबाच्या यात्रेत विक्रेते ओरडतात बघ, तसलं काम. गिऱ्हाईक पाठ फिरवायच्या आत वाक्य पोचवायचं. कार्सनला पुकारताना म्हणायचा त्या "हीऽऽअर्ज जॉनी"मधला ताणलेला सूर तिथलाच, असं आपलं माझं मत. (कोरियाच्या युद्धात त्यानं 85 मोहिमांवर विमानही उडवलंय. नुसता हसरा गडी नव्हे.)

कार्सन कारनॅक नावाचा ज्योतिषी व्हायचा, ती क्लिप काढून बघ. कार्सन पगडी घालून आधी उत्तर सांगतो, मग लिफाफा फाडून प्रश्न वाचतो. मधे मॅकमॅन तेच उत्तर मोठ्यानं परत म्हणतो. येड्यासारखं वाटतं, पण तेवढ्यात मागच्या रांगेलाही ते ऐकू जातं आणि कार्सनला दम मिळतो. ही आमची झीलच की! शाहिरानं ओळ टाकली की आम्ही "जी जी रं जी" का म्हणतो? त्याला श्वास घेता यावा म्हणून.

चुकायचाही. एकदा कार्सन सांगत होता, डास म्हणे उत्कट, गरम रक्ताच्या माणसांनाच चावतात. मॅकमॅननं लगेच स्वतःच्या हातावर चापट मारली. हशा झाला, पण कार्सननं त्याच विनोदासाठी डास मारायच्या फवाऱ्याचा भलामोठा डबा टेबलाखाली ठेवलेला. तो काढून म्हणाला, आता ह्याचा काय उपयोग!

मीही गडहिंग्लजला शाहिरांचा एक विनोद असाच खाल्ला होता. येताना कागल येईस्तोवर जीपमध्ये कोण बोललं नाही.

पोटाचं म्हणशील तर त्यानं एकाच खुर्चीवर भागवलं नाही. बिअरच्या जाहिराती, जेरी लुईसची टेलिथॉन (टीव्हीवरनं देणग्या गोळा करायचा लांबलचक कार्यक्रम), 1983 पासनं 'स्टार सर्च' ही कलाकारांची स्पर्धा. तरी 2008 ला घराचे हप्ते थकल्याच्या बातम्या आल्याच. दर भागाचे पैसे आधी बोलून घे.

रंकाळाकर
बाबांना झीलकरी म्हणून सांगितलं. "मग तसं सांगायचं की," म्हणाले, आणि त्यांच्या गावच्या शाहिराची गोष्ट सुरू केली ती जेवण होईस्तोवर. मित्राला पैशाचं विचारलं. म्हणतोय, आधी सबस्क्रायबर होऊ देत. पहिलं शूटिंग शनिवारी संध्याकाळी, आणि त्याच वेळेला मला उचगावात एक संगीत आहे.

हलगीमागचा
उचगाववाल्यांनी ॲडव्हान्स दिलाय काय?

रंकाळाकर
दिलाय.

हलगीमागचा
मग शूटिंग रविवारी करा म्हणावं.