कॅलिफोर्नियात नोटरी व्हायचे आहे: नियम आणि व्यवसाय, दोन्हींविषयी माहिती हवी

दुपारची_उन्हे:

नमस्कार. मी नऊ वर्षांपासून फ्रिमाँटमध्ये राहते आणि मागच्या वर्षी ग्रीन कार्ड मिळाल्यामुळे आता काम करण्यास कोणतीही अडचण उरलेली नाही. माझे शिक्षण बी.कॉम. असून नाशिकला असताना सहा वर्षे सहकारी बँकेत नोकरी केली आहे, त्यामुळे कागदपत्रे तपासणे, सह्या पडताळणे ही कामे अंगवळणी पडलेली आहेत. गेल्या महिन्यात शेजारच्या एका काकांना पुण्यातील सदनिका विकण्यासाठी भावाच्या नावे मुखत्यारपत्र करायचे होते. त्यांच्याबरोबर मी एका कुरिअरच्या दुकानातील नोटरीकडे गेले. ओळखपत्र पाहून, वहीत नोंद करून आणि अंगठा घेऊन त्या बाईंनी दहा मिनिटांत काम उरकले, आणि हे काम आपल्यालाही जमेल असे तेव्हाच मनात आले.

वडिलांना फोनवर हे सांगितले, तर वकिलीची सनद नसताना नोटरी कशी होणार, असे त्यांनी विचारले. येथील नियम नेमके काय आहेत, नेमणुकीसाठी काय करावे लागते आणि त्यातून दुपारच्या चार-पाच तासांत घरखर्चाला हातभार लागेल इतके उत्पन्न मिळते का, हे जाणकारांनी सांगावे.

शिक्का_नोंदवही:

मी दोन मुदती, म्हणजे आठ वर्षे, कॅलिफोर्नियात नोटरी आहे. वडिलांची शंका त्यांच्या जागी अगदी बरोबर आहे. भारतात १९५२ चा नोटरी अधिनियम आणि १९५६ चे नियम यांनुसार नोटरीची नेमणूक मुख्यतः दहा वर्षे वकिली केलेल्या व्यक्तींमधून होते (स्त्रियांसाठी ही अट सात वर्षांची आहे). अमेरिकेत हा विषय प्रत्येक राज्याचा स्वतंत्र असून कॅलिफोर्नियात वकील असण्याची अट नाही. वय किमान १८, राज्यात कायदेशीर वास्तव्य आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणे एवढे पुरते; नागरिकत्वही लागत नाही. मात्र एच-४ व्हिसावर (येथे नोकरीसाठी आलेल्यांच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या ज्या भगिनी हे वाचत असतील, त्यांनी नोटरीचा अधिकार मिळणे आणि त्यातून पैसे कमावण्याची परवानगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवावे.

प्रथम सहा तासांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, त्यानंतर लेखी परीक्षा असते आणि तिच्यात किमान ७० गुण हवेत. अर्ज आणि परीक्षा मिळून शुल्क ४० डॉलर आहे. उत्तीर्ण झाल्यावर लाइव्ह स्कॅन पद्धतीने बोटांचे ठसे द्यावे लागतात. चौकशी समाधानकारक झाली की सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (म्हणजे राज्याच्या सचिवांच्या) कार्यालयाकडून चार वर्षांचे नेमणूकपत्र येते.

खरी गफलत होते ती यानंतर. नेमणूक सुरू झाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत शपथ आणि १५,००० डॉलरचा बाँड (जामीनपत्र) काउंटी क्लर्ककडे, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयाकडे, दाखल झालाच पाहिजे, आणि ही मुदत कोणत्याही कारणाने वाढवून मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाई नेमणूकपत्र कपाटात ठेवून भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेल्या. परत येईपर्यंत मुदत उलटून गेली होती आणि त्यांना अर्ज व शुल्क पुन्हा भरावे लागले. बाँडसाठी १५,००० डॉलर रोख भरावे लागत नाहीत. चार वर्षांचा मिळून हप्ता साधारण पन्नास डॉलरच्या आसपास असतो. परंतु हा बाँड म्हणजे तुमचा विमा नव्हे. तो लोकांच्या संरक्षणासाठी आहे, आणि तुमच्या चुकीबद्दल जामीनदार कंपनीने कोणाला भरपाई दिली तर ती रक्कम ती तुमच्याकडूनच वसूल करते. चुका आणि हलगर्जी यांसाठीचा विमा वेगळा असतो. तो बंधनकारक नसला तरी मी पहिल्या दिवसापासून घेतलेला आहे.

नोंदवहीबाबत बँकेची सवय तुमच्या कामी येईल. प्रत्येक कामाची नोंद त्याच वेळी, क्रमाने करायची असते, आणि वही कुलपात, केवळ तुमच्याच ताब्यात ठेवायची असते. मालमत्तेचे खत किंवा मुखत्यारपत्र असेल तर उजव्या अंगठ्याचा ठसाही घ्यावा लागतो. समोरची व्यक्ती दहा वर्षे शेजारी राहणारी असली तरी केवळ ओळखीवर काम करता येत नाही. वैध ओळखपत्र किंवा शपथेवरील साक्षीदार असा पुरावाच लागतो.

आकडेमोड_मिलपिटास:

वरील प्रतिसाद नियमांच्या दृष्टीने परिपूर्ण आहे. मी केवळ पैशांविषयी लिहितो, कारण माझी पत्नी २०१९ पासून हे काम करते आणि तिचा हिशेब मी ठेवतो. कायद्याने एका सहीमागे जास्तीत जास्त १५ डॉलर घेता येतात. २०१७ च्या आधी ही मर्यादा १० होती. घरी किंवा रुग्णालयात जाऊन काम केल्यास प्रवासाचे पैसे वेगळे घेता येतात आणि त्यांवर राज्याची मर्यादा नाही, परंतु ते आधी ठरवून घ्यावेत आणि पावतीवर वेगळे दाखवावेत.

यूट्यूबवर महिन्याला अमुक हजार डॉलर कमवा असे सांगणारे जे असंख्य व्हिडिओवाले आहेत, ते बहुधा गृहकर्जाच्या कागदांवर सह्या घेण्याच्या कामाविषयी बोलत असतात. २०२० आणि २०२१ मध्ये व्याजदर तळाला गेल्याने जो तो कर्ज नव्याने बांधून घेत होता आणि आमच्या घरी प्रिंटरला उसंत नव्हती. २०२२ मध्ये दर चढले आणि तेच काम काही महिन्यांत आटले. तेव्हा केवळ त्याच कामावर गणित मांडू नये, आणि महागडे प्रशिक्षणवर्ग तर मुळीच विकत घेऊ नयेत.

करांबाबत एक बारकावा बहुतेकांना ठाऊक नसतो. नोटरी म्हणून घेतलेल्या शुल्कावर आयकर लागतो, परंतु स्वयंरोजगारावरील १५.३ टक्क्यांचा केंद्रीय कर लागत नाही. प्रवासखर्च आणि कर्जाच्या कागदपत्रांचे काम यांना मात्र ही सूट नाही. म्हणून दोन्ही रकमा पहिल्यापासून वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात.

दुपारची_उन्हे:

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक विचारते. माझ्याकडे येणारी मंडळी बहुधा मराठीच असतील. मंडळाच्या गणेशोत्सवात मराठीतून जाहिरात लावली तर चालेल का? आणि मराठीत लिहिलेल्या कागदावर शिक्का मारता येतो का?

शिक्का_नोंदवही:

जाहिरात चालेल, पण तिच्यासोबत एक सूचना इंग्रजीत आणि मराठीत अशी दोन्ही भाषांत लावणे कायद्याने बंधनकारक आहे. मी वकील नाही, त्यामुळे स्थलांतर किंवा अन्य कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देऊ शकत नाही, असे त्यात स्पष्ट म्हणावे लागते आणि कायद्याने ठरलेले शुल्कही लिहावे लागते. मूळ कारण स्पॅनिश भाषकांचे आहे. त्यांच्या देशांत ‘नोतारियो’ म्हणजे मोठा कायदेतज्ज्ञ असतो, आणि त्या शब्दाच्या आडून येथे अनेक स्थलांतरितांची फसवणूक झाली. आपल्याकडेही नोटरी म्हणजे वकील हेच डोक्यात असते, तुमच्या वडिलांचा प्रश्नच पाहा. त्यामुळे ‘ताई, या मुखत्यारपत्रात विकण्याचा अधिकार घालू की नुसता भाड्याने देण्याचा?’ असे विचारणारे हमखास भेटतील. तेथे उत्तर देण्याचा मोह टाळायचा, कारण तो कायदेशीर सल्ला ठरतो.

कागद मराठीत असला तरी हरकत नाही, कारण तुम्ही मजकूर नव्हे तर सही प्रमाणित करता. मात्र तुमचे प्रमाणपत्र इंग्रजीतच हवे. सही करणाऱ्याशी तुम्हाला थेट बोलता आले पाहिजे, मध्ये दुभाषा चालत नाही. मुलाकडे आलेल्या ज्या आजींना इंग्रजी येत नाही, त्यांचे काम त्यामुळे इतर नोटरींना करता येत नाही आणि तुम्हाला करता येईल. व्यवसाय म्हणून तुमचे खरे भांडवल हेच आहे.

त्या आजींजवळ बहुधा फक्त भारतीय पासपोर्ट असतो. परदेशी पासपोर्ट कायद्याला मान्य आहे, परंतु ओळखपत्रावर छायाचित्र, सही आणि क्रमांकाबरोबर व्यक्तीचे वर्णनही असावे अशी अट आहे, आणि आपल्या पासपोर्टवर उंची किंवा डोळ्यांचा रंग नसतो, म्हणून काही नोटरी तो नाकारतात. आधार कार्ड तर यादीतच नाही. अशा वेळी त्यांना ओळखणारे, स्वतःजवळ वैध ओळखपत्र असलेले आणि व्यवहारात आर्थिक हितसंबंध नसलेले दोन साक्षीदार आणायला सांगावे व त्यांना शपथ देऊन काम करावे. पदवीपत्राच्या किंवा पासपोर्टच्या झेरॉक्सवर ‘खरी प्रत’ म्हणून शिक्का मारून मागणारेही येतील. कॅलिफोर्नियात नोटरीला मुखत्यारपत्राची आणि स्वतःच्या नोंदवहीतील नोंदीची, एवढ्याच प्रती प्रमाणित करता येतात.

आकडेमोड_मिलपिटास:

मुखत्यारपत्राचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तुमचा शिक्का पडला की ते भारतात वापरता येईल असे लोक समजतात. त्यावर सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून ॲपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणपत्र) घ्यावे लागते, आणि कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही माहिती आपण सल्ला म्हणून द्यायची नाही. पत्नी पाकिटावर सॅक्रामेंटो आणि लॉस एंजेलिस येथील ॲपोस्टील कार्यालयांचे पत्ते असलेली छापील चिठ्ठी लावते आणि पुढचे पुण्याच्या वकिलांना विचारा, एवढेच म्हणते.