रास्कोल्निकोव्हचं ते स्वप्न वाचवत नाही

ऊसपट्टा:
बहिःस्थ एम.ए. करतेय. एका पेपरला दस्तयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' ही कादंबरी आहे. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते, पुस्तक हातात येतं ते रात्री दहानंतर. पहिल्या भागाच्या पाचव्या प्रकरणाशी आठवडा झाला अडून बसलेय. कादंबरीचा नायक रास्कोल्निकोव्ह स्वप्नात सात वर्षांचा आहे, वडिलांबरोबर चाललाय. गुत्त्यासमोर दारू प्यायलेला मिकोल्का एका मरतुकड्या घोडीला भल्यामोठ्या गाडीला जुंपतो, गाडीत माणसं कोंबतो आणि तिला ओढवत नाही म्हणून मारत सुटतो. डोळ्यांवर चाबूक, मग गाडीचा दांडा, मग पहार.

आमच्याकडे गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या जातात. लहानपणी पुलाच्या चढावर एक बैल गुडघ्यांवर बसलेला पाहिलाय. तोंडाला फेस, गाडीवान शेपटी पिरगाळतोय. बाबांनी मला दंडाला धरून पुढे नेलं. हे प्रकरण उघडलं की तोच चढ समोर येतो. एवढं सोडून पुढे गेले तर चालेल का?

जुना वाचक:
ताई, सोडू नका. नाहीतर रास्कोल्निकोव्ह पुढे सावकारीण म्हातारीचा करतो तो खून फक्त पोलीसकथेतला खून वाटेल.

त्या गर्दीतला एक जण ओरडतो, कुऱ्हाडीनेच संपवा तिला. मिकोल्का सारखा म्हणतो, माझा माल आहे. आणि तो पोरगा मेलेल्या घोडीच्या तोंडाला मिठी मारतो, तिच्या डोळ्यांचे मुके घेतो. जाग आल्यावर रास्कोल्निकोव्ह घामाने भिजलेला असतो आणि स्वतःला विचारतो, मी खरंच कुऱ्हाड घेऊन म्हातारीच्या डोक्यात घालणार? म्हणजे तो पोरगाही तोच आणि मिकोल्काही तोच. म्हातारीच्या घरापर्यंतची 730 पावलं मोजून ठेवणारा माणूस आहे हा. तरी या स्वप्नानंतर पुलावर उभा राहून तो सगळं सोडून देतो. महिनाभर ठसठसणारं गळू फुटून निचरा व्हावा तसं त्याला हलकं वाटतं. मग विनाकारण लांबच्या वाटेने, बाजारातून घरी जातो आणि कानावर पडतं की उद्या संध्याकाळी सातला म्हातारीची बहीण घरी नसणार, म्हणजे म्हातारी एकटीच असणार. मला सगळ्यात जास्त काळोख त्या बाजारात दिसतो. सुटलेला माणूस तिथे परत अडकतो.

नेवाकाठ:
मी रशियन शिकलेय, म्हणून थोडी भर. 'रास्कोल' म्हणजे फूट. 17व्या शतकात तिथल्या चर्चमध्ये पडलेल्या फुटीलाही हाच शब्द. पोरगा आणि मिकोल्का एकाच माणसात आहेत, हे त्याच्या आडनावातच आहे. नावांनी गोंधळायला होत असेल तर आपली रीत आठव: रोदियॉन हे त्याचं नाव, रोमानोविच म्हणजे रोमानचा मुलगा, शेवटी आडनाव. आईला तो रोद्या.

लेखकाचं, दस्तयेव्हस्कीचंही लक्षात ठेव. 22 डिसेंबर 1849 ला पीटर्सबर्गच्या चौकात त्याला गोळ्या घालायला आणलं होतं. पहिले तिघे खांबांना बांधले गेले, हा पुढच्या खेपेत होता. ऐन वेळी शिक्षा बदलल्याचं वाचून दाखवलं, आणि मग सायबेरियात ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षं. ही कादंबरी 1866 ची. मरणाच्या दारात उभं राहून आलेल्या माणसाने ती लिहिली आहे. म्हणून तिच्यातल्या अंधाराला मी कधी घाबरले नाही. माझा त्याच्यावर विश्वास बसतो.

पाऊलवाट:
त्या प्रकरणानंतर लगेच चेखॉव्हची 'तोस्का' वाचा. 1886 ची, पाच-सहा पानांची कथा. योना नावाच्या टांगेवाल्याचा मुलगा त्याच आठवड्यात गेलाय. बर्फात एकेका गिऱ्हाइकाला तो सांगू बघतो, कोणाला ऐकायला वेळ नाही. शेवटी तबेल्यात जाऊन आपल्या घोडीला सांगतो. ती गवत चघळत ऐकते, त्याच्या हातांवर श्वास सोडते. पहिल्या घोडीचं दुःख त्याने कमी होत नाही, पण मला तेव्हा दुसरी घोडी लागली होती.

ऊसपट्टा:
काल रात्री प्रकरण संपवलं. 'तोस्का'ही वाचली. मोठ्याने वाचली, एकटीच होते. स्वप्नातले वडील मुलाला म्हणतात, आपलं काम नाही, चल. तिथे थांबले आणि बाबांना फोन लावला. विचारलं, तो बैल उठला होता का? त्यांना चढ, गाडी, सगळं आठवत होतं. म्हणाले, उठला, पण अर्धा ऊस खाली उतरवल्यावर. मला घरी सोडून ते परत तिथे गेले होते, मोळ्या उतरवायला. हे मला माहीतच नव्हतं.