मदत हवी आहे: व्हिलरबानला मराठीत उपनगर म्हणावे की जोडशहर?

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षे मी फ्रान्समधील ल्यों शहराला लागून असलेल्या व्हिलरबान येथे राहतो. आमच्या गावच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी या शहराचा परिचय लिहायला घेतला. पण पहिल्याच वाक्यात ‘ल्योंचे उपनगर’ असे लिहिले आणि तिथेच अडलो.

उपनगर म्हटले की आपल्या वाचकाला अंधेरी किंवा कोथरूड आठवते, म्हणजे मूळ शहराच्याच महापालिकेतला भाग. व्हिलरबानची लोकसंख्या दीड लाखाहून अधिक असून त्याचा महापौर आणि नगरसभा स्वतंत्र आहेत. १८५२ पर्यंत ते ईझेर या वेगळ्या जिल्ह्यात होते, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ल्योंने त्याला आपल्यात सामावून घेण्याचा केलेला प्रयत्न फसला. तरीही मेट्रोच्या ‘ए’ मार्गाने ल्योंच्या बेलकूर चौकातून निघाल्यावर मासेनानंतर शार्पेन स्थानक येते तेव्हा, आपण एका शहरातून दुसऱ्यात आलो हे कुठेही जाणवत नाही. म्हणून मला पुणे आणि पिंपरी-चिंचवडची जोडी जवळची वाटते, पण ‘जोडशहर’ म्हटल्यास दोन्ही शहरे तुल्यबळ असल्याचा समज होईल का?

दुसरी अडचण ‘ग्रात-सिएल’ची. समाजवादी महापौर डॉ. लाझार गूझों यांच्या कारकिर्दीत मोरिस लरू या वास्तुकाराने आखलेली आणि १९३४ मध्ये पूर्ण झालेली ही वसाहत म्हणजे या शहराचा खरा चेहरा. कामगारांच्या कुटुंबांना मोकळी हवा, ऊन आणि तापवलेली घरे मिळावीत, हा त्यामागचा हेतू होता. हमरस्त्याच्या तोंडाशी दोन १९ मजली मनोरे आहेत. पुढे दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या इमारतींचे वरचे मजले, नदीचा घाट उभा करून ठेवावा तसे, पायरीपायरीने मागे सरत जातात, त्यामुळे खालच्या रस्त्यावर हिवाळ्यातही थोडे आकाश उरते. समोर टोकाला नगरभवनाचा घड्याळाचा मनोरा दिसतो. संध्याकाळी मी मुद्दाम एक स्थानक आधी उतरून या रस्त्याने घरी येतो. ‘ग्रात-सिएल’ या नावाचा शब्दशः अर्थ ‘आभाळ खरवडणारे’ असा आहे. आपला ‘गगनचुंबी’ आभाळाला हलकेच ओठ लावतो, तर त्यांचा शब्द त्याला नखे लावतो. मराठीत हा फरक टिकवावा, की मूळ नावच ठेवून अर्थ एका वाक्यात सांगावा?

१९५७ साली स्थापन झालेली ‘इन्सा’ ही अभियांत्रिकी संस्था, १९७२ मध्ये इथे आलेले राष्ट्रीय लोकनाट्यगृह आणि बास्केटबॉलचा ‘आस्वेल’ संघ यांविषयी लिहिणे सोपे गेले.

मात्र २०१५ पासून ल्यों, व्हिलरबान आणि आसपासची गावे मिळून जे महानगर अस्तित्वात आले, त्याला काय म्हणावे? ‘महानगर प्रदेश’ म्हटल्यास वाचकाच्या डोळ्यांपुढे पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) येईल, पण ते नियोजन प्राधिकरण आहे. इथल्या महानगराच्या सभेवर २०२० पासून नागरिक थेट मतदानाने प्रतिनिधी निवडतात आणि पूर्वी जिल्ह्याकडे असलेली कामेही तीच पाहते.

भाषांतराचा किंवा नागरी प्रशासनाचा अनुभव असलेल्या सदस्यांनी या तिन्ही शब्दांविषयी आपले मत कारणासह सांगावे. विशेषतः पिंपरी-चिंचवडकरांना विचारायचे आहे, की आपल्या शहराला कोणी ‘पुण्याचे उपनगर’ म्हटले तर त्याऐवजी कोणता शब्द आपल्याला मान्य होईल?