लंडनच्या कॅनॉलकाठचं बर्फाचं गोदाम : खालच्या विहिरी गोलच का? आणि कॅनॉलचं पाणी आत कसं शिरत नसेल?

संत्रानगरी_आर्क
या सेमिस्टरला जुन्या औद्योगिक इमारतीची केस स्टडी आहे, अर्धा वर्ग नागपूरच्या एम्प्रेस मिलवर तुटून पडलाय म्हणून मी मुद्दाम लांबचं घेतलं. लंडनला किंग्ज क्रॉसजवळ रीजंट्स कॅनॉलला लागून बॅटलब्रिज बेसिन (होड्या थांबायची जागा) आहे, तिथे कार्लो गॅटी नावाच्या आइस्क्रीमवाल्याने १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला गोदाम बांधलं, १९९२ पासून त्यात लंडन कॅनॉल म्युझियम आहे. वरून बघितलं तर साधं विटांचं गोदाम, पण फरशीखाली दोन अवाढव्य गोल विहिरी आहेत, विटांनी बांधलेल्या, साधारण १० मीटर व्यास आणि १३ मीटर खोल, आणि त्यात नॉर्वेहून आणलेला बर्फ साठवायचे!
आता प्रश्न. गोल का? गोदाम चौकोनी आहे, मग तळघर चौकोनी केलं असतं तर कोपरे वाया गेले नसते ना. आणि दुसरं, कॅनॉल इतका चिकटून आहे तर पाणी झिरपत नसेल का? आमचे सर म्हणतात कॅनॉलच्या गारव्यासाठीच ती जागा निवडली, मला काही ते पटून नाही राहिलं पण उलट काय बोलावं तेही कळत नाहीये. कोणी सांगेल का, सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे आणि बाहेर ४५ डिग्री आहे, डोकं चालत नाही.

विटाचुना
गोल काहून ते काटोलकडच्या कोण्याही विहीर बांधणाऱ्या गवंड्याले विचारा, तो हसंल 🙂
वीट दाबात मजबूत, वाकण्यात कच्ची. जमिनीत १३ मीटर खाली गेलं की बाजूची माती भिंतीले आत ढकलते आणि जेवढं खाली तेवढा जोर जास्त. सरळ भिंत असली तर ती मधात पोट काढते, मग ती जाड करा, आतून आडव्या भिंती घाला, म्हणजे साठवायची जागा तिथंच गेली. गोल असलं की चहूबाजूनं सारखा दाब येते आणि विटा एकमेकीले अजून घट्ट दाबतात, रिंग जितकी दाबली तितकी पक्की. लोखंड लागत नाही. कोपरे वाया गेले म्हणता, पण चौकोनात तेच कोपरे पहिले फाटले असते.
पाण्याचं म्हणाल तर कॅनॉल काही नदी नाही. खोदून तळाले आणि बाजूले चिकणमाती पाण्यात मळून, तुडवून थर देतात, नाहीतर कॅनॉलच रिकामा होईन. आणि तिकडची जमीनही लंडन क्ले, म्हणजे घट्ट चिकणमाती, त्यातून पाणी लवकर जात नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीसारखं पावसाळ्यात फुगून भिंत ढकलणं अन् उन्हाळ्यात भेगा, त्यातही थोडंबहुत आहे, पण तिकडं आपल्यासारखा कडक उन्हाळा कुठं.

धरमपेठी_रिटायर्ड
सरांचा गारव्याचा मुद्दा मला तरी चालणार नाही. कॅनॉल होता वाहतुकीसाठी. नॉर्वेतल्या तळ्यांवर कापलेला बर्फ जहाजाने लंडनच्या लाइमहाउस गोदीला यायचा, तिथून होड्यांत भरून रीजंट्स कॅनॉलने लॉक (पाण्याची पातळी वाढवून होडी वर चढवणारे दरवाजे) चढत चढत वर. वाटेत इस्लिंग्टनचा बोगदा लागतो, ८७८ मीटर लांब आणि आत घोड्याने ओढायची पायवाटच नाही, १८२६ पासून तिथे होड्या ओढायला वाफेचा टग (ओढबोट) होता. तो पार केला की लगेच बॅटलब्रिज बेसिन. रस्त्यावर एक-दोन टन ओढणारा घोडा पाण्यावर तीसेक टनांची होडी ओढतो, आणि वितळणाऱ्या मालाला वारंवार चढउतार परवडत नाही, म्हणून काठावरच गोदाम.
बर्फ टिकायचा तो आकारमानामुळे. १० बाय १३ ची विहीर म्हणजे हजारेक घनमीटर, ठोकळ्यांमधल्या फटी सोडल्या तरी शेकडो टन. एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढीत तेच पाणी शून्यावरून ८० अंशापर्यंत तापतं, आणि ढीग मोठा होतो तसा वजनाच्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी होतो. रसवंतीवाला भुसा लावून बारदान्यात लादी गुंडाळतो, तिथे ती दुपारपर्यंत निम्मी होते, कारण एकच लादी आहे.
खरी अडचण वितळलेल्या पाण्याची. बर्फ पाण्यात बसला की भराभर जातो. म्हणून अशा विहिरींत तळाशी पाणी काढायची सोय लागतेच, तुमच्या सेक्शनमध्ये (इमारत उभी कापून दाखवलेल्या चित्रात) ती नसेल तर ड्रॉइंग अपुरं आहे असं मी म्हणेन.

महालातला_भोसले_फॅन
मग आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यांखाली असं का नाही केलं कोणी बाप्पा, उन्हाळाभर फुकटात गोळा 😄

धरमपेठी_रिटायर्ड
खोलात जमिनीचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीला येऊन थांबतं. लंडनला ते ११ च्या आसपास, नागपूरला २७ च्या. म्हणजे आपली विहीर माणसाला गार वाटेल पण बर्फाला नाही. भारतात अमेरिकेहून बर्फ यायचा, १८३३ ला कलकत्त्याला पहिलं जहाज पोचलं तेव्हा निघालेल्या १८० टनांतला १०० च्या आसपास शिल्लक होता, चार महिने समुद्रावर राहून! पण तो साठवायला मद्रासला १८४२ ला बांधलं ते आइस हाउस जमिनीच्या वर आहे, मरीनाजवळ, आताचं विवेकानंद हाउस.

जुनं_ते_सोनं
एक भर घालतो, नाहीतर गॅटीच पहिला असं केस स्टडीत जाईल. लंडनचा बर्फ व्यापारी लेफ्टविच याने १८२२ लाच नॉर्वेहून ३०० टन बर्फ आणला होता, आणि रीजंट्स पार्कजवळ १७८० च्या दशकातली अंड्याच्या आकाराची विटांची बर्फविहीर २०१८ मध्ये पुरातत्त्ववाल्यांना सापडली, साडेसात मीटर रुंद आणि साडेनऊ मीटर खोल. गॅटीने नवं केलं ते धंद्याचं प्रमाण, स्वतःच्या आइस्क्रीमपुरता न ठेवता खाटीक, मासेवाले, हॉटेलं सगळ्यांना गाडीने पोचवायचा.
आणि सरांना अगदीच झोडपू नका राजेहो. नॉर्वेचा बर्फ आणायच्या आधी गॅटी हिवाळ्यात रीजंट्स कॅनॉलवरचाच बर्फ कापून घ्यायचा, कॅनॉल कंपनीशी तसा करार होता. म्हणजे कॅनॉलचा थंडीशी संबंध होता, फक्त विहिरीच्या भिंतीतून नाही.

संत्रानगरी_आर्क
हे तर सरांना सांगायला एकदम बेस्ट, त्यांचाही मान राहील 😅 विटाचुना दादा, रिंगचा फोर्स डायग्राम काढते. एक अजून, वरच्या मजल्यावर घोड्यांचे तबेले होते आणि घोडे रॅम्पने चढायचे असं वाचलं, सेक्शनमध्ये घ्यायचं का?

विटाचुना
घ्या ना. पण सेक्शन लाइन विहिरीच्या मधातून जाऊ द्या, रॅम्पसाठी वेगळा कट मारा. दोन्ही एकातच कोंबायला गेलं की विहीर बाजूनं कापली जाते आन् तिचा व्यास लहान दिसते, मग सर तेच पकडतीन.